आवाजाची सवय

दोष माझ्या वडिलांचा होता. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या घरात मोठ्यांच्या चुकांना 'परिस्थिती' म्हणायची पद्धत आहे आणि आत्या अजूनही तेच पालुपद लावून बसली आहे. परिस्थिती वगैरे काही नव्हती. एक घाबरट कुत्रा होता, एक रेकॉर्डिंग होतं, आणि सगळं आपल्यालाच कळतं असं मानणारे बाबा होते. हे थांबवा म्हणून मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पण कॉलेज अर्धवट सोडून घरात बसलेल्या मुलाचं कोण मनावर घेतं?

बाबा लोकांचे कान तपासतात. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांचं क्लिनिक आहे; दोनच खोल्या, आणि आतल्या खोलीत गादीसारख्या जाड भिंतींची एक बंद केबिन, जिचं दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचासुद्धा आवाज ऐकू येतो. कमी ऐकू येणारा माणूस तिथे हेडफोन चढवून बसतो, बाबा बाहेरून बारीक सूर सोडतात, ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. उत्तर आलं नाही की सूर एक पायरी वर. लग्नानंतरची काही वर्षं हे काम आईसुद्धा करायची, कारण बाबा एकटे पुरे पडत नसत, माइकवरून ती प्रत्येकाला विचारायची, "ऐकू येतंय ना?", आणि तिचा आवाज असा काही होता म्हणे, की ठार बहिरे म्हातारेही मान डोलवायचे. पुढे मी झालो आणि ती घरी बसली. बाबांनी मात्र ती पायरीपायरीची पद्धत घरीही आणली. मला अभ्यासाची गोडी लावायला त्यांनी तीच वापरली होती. निकाल समोर आहे.

कुत्रा आईचा. त्याचं नाव वकील, कारण काळ्याकुट्ट अंगावर गळ्याखाली पांढरा पट्टा आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही हा बाणा. एवढा रुबाबदार प्राणी, पण आकाशात काही फुटलं की त्याचं पाणी पाणी व्हायचं. आणि आमच्या खिडक्या तळ्याकडे. हिवाळा लागला की नगरपालिका दरवर्षी तळ्यावर आतषबाजी करते, दिवेलागणीला सुरू होते ती जेवणाच्या वेळेपर्यंत चालते, सगळं शहर काठावर गोळा होतं, आणि आमच्या घरात आई जेवणाच्या टेबलावर जाड चादर टाकून, तिच्या कडा चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडून, वकिलाला पोटाशी घेऊन आत बसलेली असायची. त्याच्या कानामागे अंगठा फिरवत ती एकच गोष्ट सांगत राहायची, "काही नाही रे. इथेच आहे मी."

गेल्या वर्षीच्या आतषबाजीला ती तशी बसली होती तेव्हा बाबा गॅलरीत उभे राहून आवाज रेकॉर्ड करत होते. कानाचं नवीन मशीन बसवलं की ते माणसाला घरातले-बाहेरचे आवाज ऐकवून बघतात, भांडी पडल्याचा, हॉर्नचा, रडणाऱ्या पोराचा. त्या साठ्यात त्यांना फटाके हवे होते. गॅलरीचं काचेचं दार लावलेलं होतं. आत बायको फरशीवर दुमडून बसली आहे, उठताना तिचा गुडघा कडकन वाजतो आणि जिना चढताना तिला हल्ली दम लागतो, हे त्यांच्या कानावर किती वेळा घातलं गेलं असेल. ते "हं" म्हणायचे. शहरभरच्या बहिऱ्यांना मशीन लावणाऱ्या माणसाचं ते "हं" आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

उन्हाळ्यात आई गेली. तो दम हृदयाचा होता.

पावसाळा संपता संपता आम्ही वकिलाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, कारण तो खात नव्हता. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि सांगितलं की याचंही हृदय मोठं झालंय, झोपेची जड औषधं झेपायची नाहीत, आणि मागच्यासारखा घाबरला तर फटाक्यातच जाईल. मग उपाय सांगितला. फटाक्यांचा आवाज आत्तापासून ऐकवा, अगदी हळू, इतका हळू की त्याला फरक पडणार नाही. त्या वेळी आवडीचं खायला द्या. कानसुद्धा टवकारेनासा झाला की किंचित वाढवा. घाई नको, आणि बिथरला तर लगेच मागे या. बाबांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. त्यांचीच पद्धत त्यांना कुणीतरी परत दिली होती.

मी म्हटलं, "त्यापेक्षा त्या दिवसापुरतं मी त्याला लांब कुठेतरी घेऊन जातो."

"पळून जाणं हा उपाय नसतो," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे बघून कळतंच ते."

माझ्या हट्टापायी बाबांनी आत्याला विचारलं, तिचं घर तळ्यापासून लांब आहे, तर ती फोनवरच किंचाळली. "अरे दादा, नवीन सोफा आहे माझा! आणि वहिनीच गेली, तर आता कुत्रा कशाला ठेवायचा उगाच? देऊन टाक कुणाला तरी." आत्याला आईच्या सगळ्याच वस्तू देऊन टाकायच्या होत्या. साड्या तिनं आधीच नेल्या होत्या.

तेव्हा मग सुरुवात झाली. रविवारी सकाळी आणि एरवी क्लिनिक दुपारचं बंद असताना बाबा घरी येऊन बाहेरच्या खोलीत प्लेअर लावायचे, शेजारी उकडलेल्या मांसाचे बारीक तुकडे, समोर वकील. पहिले काही दिवस नुसती कुजबुज होती, कागद दूर कुठेतरी चुरगळावा तशी. वकील कान टवकारायचा, तुकडा खायचा, पुन्हा टवकारायचा. मग टवकारेनासा झाला. बाबांनी बटण जरासं फिरवलं. कागदाचे टपोरे थेंब झाले, थेंबांचे ठोके झाले, आणि वकील मांस खात राहिला. मी कबूल करतो की पद्धत चालत होती.

आणि मग एका दुपारी, ठोके आणखी थोडे वर गेल्यावर, त्यांच्या मागून, काचेपलीकडून, आईचा आवाज आला.

"काही नाही रे. इथेच आहे मी."

वकील ताडकन उठला. टेबलाखाली गेला, बाहेर आला, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, पलंगाखाली आईच्या बाजूला, आणि पुन्हा टेबलाखाली, शेपूट इतकं हलवत की खुर्चीला आपटून आवाज येत होता. शेवटी बाबांसमोर येऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत राहिला, तू लपवलीस ना, दे, अशा नजरेनं. बाबांचा हात बटणावर तसाच राहिला होता. त्यांनी दोनदा आवंढा गिळला.

"तेवढा भाग कापून टाका," मी म्हटलं.

"ती आणि फटाके एकात एक आहेत. तिला काढलं तर तेही जातील."

"मग दुसरं घ्या. नेटवर पाहिजे तेवढे पडलेत."

"ते कुठल्यातरी मैदानातले. त्याला हेच तळं आणि याच भिंतींवरून येणारा आवाज लागेल." मग म्हणाले, "सवय होईल."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

पद्धतीप्रमाणे, वकील उठतो आहे तोवर वर जायचं नव्हतं. म्हणून ती एकच पायरी कित्येक दुपारी चालली. आई बोलायची, वकील शोधायला जायचा, रिकामा परत यायचा, आणि त्याला तुकडा मिळायचा नाही. मिळायचा तो जागेवरून न हलल्याबद्दल. हळूहळू तो न्हाणीघरात जायचा थांबला. मग पलंगाखाली जाईना. मग नुसतं दाराकडे बघायचा. मग एक कान हलायचा, डावा. ज्या दिवशी आई "इथेच आहे मी" म्हणाली आणि डावा कानही हलला नाही, त्या दिवशी बाबांनी त्याला मूठभर मांस दिलं आणि आवाज एक पायरी वर नेला. मी उठून गॅलरीत गेलो. माझ्याच्याने तिथे बसवलं नाही.

बाबाही सुधारत होते. आवंढा गेला. आईचं बोलणं चालू असताना ते वकिलाच्या मानेखाली खाजवायचे, घड्याळात बघायचे, एकदा तर त्यांनी मला विजेचं बिल भरलंस का विचारलं. त्यांना झोप लागायला लागली. जेवणात मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली, आणि आत्या हरखून म्हणाली, "बघ, सावरला माझा भाऊ! तूही शिक काहीतरी त्याच्याकडून. नुसता नाकावर राग घेऊन फिरतोस."

जे खटकलं ते मला त्याच सुमारास खटकलं. लहानपणी शाळा सुटली की मी क्लिनिकवर बसायचो, आणि तेव्हा बाबांनीच शिकवलं होतं की लांबचा आवाज कितीही मोठा केला तरी तो लांबचाच राहतो. त्याला वाटेतल्या भिंती चिकटलेल्या असतात. आईच्या आवाजाला काच चिकटलेली होती. पहिल्या दिवशी होती, नंतरही होती. आता नव्हती. फटाके काचेबाहेर होते तिथेच मोठे होत होते, आणि आई मोठी न होता जवळ येत होती. मला तिचा श्वास ऐकू आला, वाक्य सुरू करण्याआधी ती घ्यायची तो छोटा, अपुरा श्वास.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, स्पीकर कुठे ठेवलाय त्यावर असतं ते.

क्लिनिकवर माणसं होती तेव्हा मी घरी एकट्यानं ते रेकॉर्डिंग लावलं. वकील गच्चीवर उन्हात पडला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. फटाके, आणि मागे, काचेपलीकडे, लांब, "इथेच आहे मी." पहिल्या दिवशी होतं तसंच. मी ओशाळून प्लेअर बंद केला. त्याच दुपारी बाबा आले, वकील त्यांच्या पायाशी पसरला, बाबा पेपर उघडून बसले, तेच रेकॉर्डिंग लागलं, आणि मधेच, दोन स्फोटांमधल्या जागेत, गुडघा वाजला.

आई टेबलाखालून उठली होती.

गेल्या वर्षी ती शेवटपर्यंत उठली नव्हती. बाबा गॅलरीतून आत आले, रेकॉर्डर ठेवला, चहा मागितला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. मी तिथेच होतो.

"ऐकलंत?"

"काय?"

"आई उठली. गुडघा वाजला तिचा."

त्यांनी मागे नेऊन परत लावलं. गुडघा वाजला. फरशीवर सपाता ओढल्याचा आवाज आला. बाबा माझ्याकडे बघत होते, केबिनमधल्या माणसानं नसलेल्या सुराला बटण दाबलं की बघतात तसे, धीरानं.

"फटाके आहेत नुसते," ते म्हणाले.

"आणि आईचं बोलणं?"

ते खरोखर आठवत होते. "हो, तेही असेल मागे कुठेतरी."

पुढच्या दुपारी तिनं वकिलाला सोडून दिलं. सपाता खोलीच्या मध्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि ती म्हणाली, "अहो." चहात साखर घालायची का विचारावं इतक्या साध्या सुरात. बाबा पेपर वाचत होते. थोडं थांबून, थोडं जवळून, "अहो, ऐकू येतंय ना?" वकिलाचं पोट वर-खाली होत होतं. बाबांनी पान उलटलं. त्यानंतरच्या दुपारी ती आणखी पुढे आली. उत्तर मिळालं नाही की एक पायरी. तिला दुसरं काही करायला कधी शिकवलंच नव्हतं.

त्या दिवशी मी प्लेअरची वायर उपटली. "बस झालं. त्याला सवय झालीय. आता पुरे करा."

"अजून दोन पायऱ्या राहिल्यात."

"ती तुम्हाला विचारतेय, बाबा. तुम्हाला! कुत्र्याला नाही."

त्यांनी वायर माझ्या हातातून सावकाश सोडवून घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. "ती गेली," ते म्हणाले. "मी ते मान्य केलंय. इतके महिने मला रोज रात्री ती ऐकू यायची, तुला माहीतेय का? या घरात, त्या दारात. आता येत नाही. माणूस असाच बाहेर पडतो, एकेक पायरी. तूही पडशील."

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. माझा बाप रोज रात्री आईचा आवाज ऐकत होता आणि सकाळी उठून मला नोकरीच्या जाहिराती दाखवत होता.

आतषबाजीच्या दिवशी त्यांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. ऊन असतानाच वकिलाला लांब फिरवून आणलं, पट्टा घट्ट आहे ना बघितलं, वेळेआधी जेवू घातलं. खिडक्या, पडदे, गॅलरीचं दार बंद. दिवे सगळे चालू, म्हणजे लखलखाट जाणवू नये. टेबलावर चादर टाकून खाली त्याची गोधडी ठेवली, त्याला वाटलंच तर असू दे म्हणून. प्लेअर क्लिनिकवर होता; आता त्याची गरज नव्हती. बाबा टेबलापाशी संत्री घेऊन बसले आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

पहिला बार झाला तेव्हा काचा थरथरल्या. वकील फरशीवर, उघड्यावर पडला होता. त्यानं डोळे उघडले, मिटले. दुसरा, तिसरा, मग सगळं आकाश एकदम फाटायला लागलं, आणि तो कुशीवर वळून झोपला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं आनंदी मी त्यांना आई असतानाही पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी खाली बसून वकिलाच्या छातीवर हात ठेवला. हृदय संथ चाललं होतं.

मग टेबलावरच्या चादरीची कड आतून किंचित उचलली गेली आणि गुडघा वाजला.

मी वर पाहिलं नाही. वकिलाचा डावा कान माझ्या बोटांजवळ होता. तो हलला नाही. सपाता टेबलाला वळसा घालून बाबांच्या खुर्चीच्या मागे आल्या.

"अहो."

"आई," मी म्हटलं. आवाज थांबला. पण ते विचारणं मला नव्हतं, आणि माझं उत्तर चालणार नव्हतं हे मला त्या थांबण्यातूनच कळलं.

"अहो, ऐकू येतंय ना?"

"बाबा, हो म्हणा."

"कशाला हो म्हणू?"

"नुसतं म्हणा. एकदा. तुमच्या पाया पडतो मी."

मी त्यांच्या पाया कधी पडलेलो नव्हतो. त्यांनी संत्र्याची एक फोड सुटी केली, वरच्या शिरा काढल्या आणि माझ्यापुढे धरली. त्यांच्या नजरेत एवढी माया होती की मला ओरडावंसं वाटलं. "घे. गोड आहे. किती त्रास करून घेशील?"

बाहेर शेवटचा मोठा भडिमार सुरू झाला. त्यात मला शब्द ऐकू आले नाहीत. ती इतकी जवळ गेली होती, की बोलली तेव्हा त्यांच्या कानावरचे पांढरे केस हलले. बाबांनी मनगटाच्या मागच्या बाजूनं कान पुसला, माशी बसल्यावर पुसतात तसा, आणि पुढची फोड तोंडात टाकली.

मग सगळं एकदम शांत झालं. तळ्याकाठच्या माणसांच्या टाळ्या ऐकू आल्या. आमच्या दाराची कडी आतून निघाली, दार उघडलं, आणि बाहेरून कुणीतरी ते अलगद ओढून घेतलं, घरात कुणी झोपलेलं असलं की ओढतात तसं. मी जिन्यात धावलो. जिना रिकामा होता, पण खालच्या वळणावर कुणीतरी दम खायला थांबलं होतं. मी हाक मारेपर्यंत तेही संपलं.

वकील बरा आहे. डॉक्टरीणबाई त्याचं उदाहरण देतात. दारात कुणी आलं तरी आता तो डोकं वर करत नाही, आणि त्याला बोलवायचं तर जवळ जाऊन हात लावावा लागतो. रेकॉर्डिंगमध्ये फटाके आहेत. मी अनेकदा ऐकलं, एकट्यानं आणि त्या दोघांना समोर बसवून. फटाकेच आहेत.

परवा जेवताना बाबांनी घास तसाच हातात धरला आणि मला विचारलं, "तिचा आवाज कसा होता रे? बारीक होता का?" मी म्हटलं, नव्हता. ते वाट बघत राहिले. पण आवाज कुणाला सांगता येतो? आत्याला फोन करून त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं की चांगला होता.

सत्तावीस वर्षं ऐकलेला आपल्या बायकोचा आवाज माझ्या वडिलांना आता आठवत नाही.